पाटी बदलायला बसलो तेव्हा

 

आज धंद्याच्या ओळखीबद्दल बोलायचं आहे. आमचा धंदा लग्नाच्या फोटोंचा. पाथर्डी तालुक्यात आमचं दुकान आहे. दुकानाचं नाव मात्र सांगणार नाही. मी काही जाहिरात करायला आलेली नाही. ते नाव बदलताना आमचं काय चुकलं आणि काय कळलं, ते तुमच्या पापडाला, मसाल्याला, शिलाईच्या दुकानालाही लागू पडेल, म्हणून सांगते.

सुरुवात झाली पाटीपासून. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. आमच्या पाटीवर खाली 'जि. अहमदनगर' लिहिलेलं होतं. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, "तेवढी एक ओळ बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम." पण पाटी उतरवून खाली भिंतीला टेकवली, तेव्हा कित्येक वर्षांनी ती जवळून पाहिली. वर तात्यांचं नाव आणि पुढं 'अँड सन्स'. तात्या म्हणजे माझे सासरे, दुकान त्यांनी काढलं. मधे रिळाच्या कॅमेऱ्याचं चित्र. खाली बंद पडलेला लँडलाइनचा नंबर. मी ह्यांना म्हटलं, "एक ओळ कशाला, सगळंच बघू या."

आणि बघायला गेलो, तर पहिल्याच पावलाला घसरलो. हल्ली पोरं मोबाइलवर मोठ्या शहरातल्या लग्नांचे व्हिडिओ पाहतात. आपणही तसंच दिसायला पाहिजे असं आम्हाला वाटलं. वळणदार इंग्रजी अक्षरं, सोनेरी रंग, दोन अंगठ्यांचं चित्र, असं सगळं करून घेतलं. पाचशे कार्डं छापली. पहिलं कार्ड माझ्या मावशीला दाखवलं. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं दुकान?" बाजारात तर बातमीच उठली की तात्यांनी दुकान विकलं. ती कार्डं अजून कपाटात आहेत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वाणसामानाची यादी लिहिते.

त्यात इंग्रजी पाटीचा आणखी एक घोटाळा होता. आपल्या राज्यात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं कायद्यानं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान दुकानांनाही लागू झालं. दुसऱ्या भाषेत लिहिलं तर चालतं, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान असता कामा नयेत. तेव्हा तुमच्यापैकी कुणी नवीन पाटी करत असेल, तर पेंटरला हे आधी सांगा.

मग आम्ही थांबलो. मला वाटलं, आपण आपल्याच घरात बसून ठरवतोय की लोकांना काय आवडेल. लोकांनाच का विचारू नये? ऑर्डरची जुनी वही काढली. आधीच्या तीन-चार वर्षांत ज्यांच्या घरची लग्नं केली, अशा तीस घरी फोन केले. तीन प्रश्न ठरवले. आमच्याकडं का आलात? आमचं काय आवडलं नाही? आणि दुसऱ्या कुणाला आमचा पत्ता सांगायचा असला, तर काय सांगता?

बायांनो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून आम्ही गप्पच झालो. पाटीवरचं पूर्ण नाव एकालाही सांगता आलं नाही. कुणी म्हणालं, "स्टँडजवळचे फोटोवाले." कुणी म्हणालं, "तात्यांचं दुकान." आणि निम्म्याहून जास्त घरांत, विशेष करून नवरीच्या आईनं सांगितलं, "जिथं त्या वहिनी फोटो काढायला येतात ना, ते."

त्या वहिनी म्हणजे मी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तेच. हळदीला, मेंदीला, नवरी साडी नेसून तयार होते त्या खोलीत बाप्या माणूस कॅमेरा घेऊन आला की मुली अंग चोरतात. बाई असली की मोकळ्या होतात. आजी हसते, करवली ओढणी सावरत बसत नाही, आणि फोटो जिवंत येतो. ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. राजा दीनदयाळ म्हणून निजामाच्या दरबारी मोठे फोटोग्राफर होते. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथलं काम एका बाईच्या हाती दिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना जे कळलं, ते आमच्या दुकानात बारा वर्षं रोज घडत होतं. पण आमच्या पाटीवर काय होतं? 'अँड सन्स'.

इथं मला होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगावीशी वाटते. जन्म १९१३ चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. वर्तमानपत्रासाठी, मासिकासाठी फोटो काढणारी ही आपल्या देशातली पहिली बाई. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावानं छापून येत. पुढं त्यांनी स्वतःचं टोपणनाव घेतलं, 'डालडा १३'. वनस्पती तुपाचा आणि त्याचा संबंध नाही. त्यांच्या पहिल्या गाडीचा नंबर होता डीएलडी १३, त्यावरून ते नाव. २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांना पद्मविभूषण मिळालं. काम तेच, कॅमेरा तोच, हात तेच. पण नाव स्वतःचं झाल्यावरच ती बाई जगाला दिसली.

हे मी घरी सांगितलं, तेव्हा ह्यांना पटलं. तात्यांना नाही पटलं. तात्या म्हणाले, "सुनेचं नाव पाटीवर लावून लोक मला काय म्हणतील?" मी उलट बोलले नाही. त्यांचंही खरं होतं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुऊन त्यांनी ते नाव कमावलं होतं. ते पुसायचं नव्हतंच. आणि लोक 'तात्यांचं दुकान' म्हणतात, ते पुसून आम्हाला परवडणारही नव्हतं. जिल्ह्याचंच बघा ना. कागदावर अहमदनगर होतं तेव्हा आपण नगर म्हणायचो, आणि अजूनही एस. टी.त बसताना तोंडातून नगरच येतं. जे नाव लोकांच्या तोंडी बसलंय, ते एका दिवसात बदलत नाही. म्हणून आम्ही मधला रस्ता काढला. नवीन नावात तात्यांचं नाव राहिलं, त्याला जोडून माझं आलं, आणि 'अँड सन्स' गेलं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येते. आमचं काय आवडलं नाही? याची उत्तरं कडू होती. तीसातल्या अकरा घरांनी एकच सांगितलं, "अल्बम फार उशिरा दिला." एका घरी तर पहिलं बाळ झाल्यावर अल्बम पोचला होता. आता सांगा, पाटी सोनेरी करून हे झाकलं असतं का? म्हणून ठरवलं, पाटी शेवटी. आधी काम. करिझ्मा अल्बम पंचेचाळीस दिवसांत द्यायचा, आणि ती तारीख पावतीवर लिहून द्यायची. फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचे, म्हणजे एक बिघडली तरी कुणाचं लग्न पुसलं जाणार नाही. हे चार महिने पाळून दाखवलं, मगच पेंटरला परत बोलावलं.

आणि याच चार महिन्यांत एक गोष्ट घडली. ती सांगताना अजूनही मान खाली जाते.

आमच्या दुकानाला काचेचं शोकेस आहे. त्यात एका नवरीचा मोठा फोटो लावलेला होता. मुंडावळ्या बांधलेल्या, अंतरपाटाच्या अलीकडं उभी, डोळे खाली. फार सुंदर फोटो होता, माझ्याच हातचा. त्या फोटोवर आम्हाला किती ऑर्डरी मिळाल्या असतील, मोजल्या नाहीत. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नसताना एक बाई आल्या. बाकड्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तो फोटो काढाल का? पोरगी माघारी येऊन वर्ष झालं. सोडचिठ्ठी झाली. ती आता नगरला कामाला जाते, रोज याच स्टँडवरून गाडी धरते. रोज तिला तो दिसतो."

मी उठून लगेच काढला. त्या बाई काही रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर्षभर ती पोरगी आमच्या काचेपुढून मान वळवून जात होती, आणि आम्ही त्याला आमची जाहिरात म्हणत होतो.

फोटो लावताना आम्ही तिला विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. मग एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा काही करार झाला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नसतो. तात्यांना हे खरंच वाटेना. "कॅमेरा माझा, हात माझा, मग फोटो कुणाचा?" पण कायदा तसा आहे. आणि कायदा नसता तरी त्या मायमाउलीपुढं आम्ही काय बोलणार होतो?

आता आमच्या ऑर्डरच्या कागदावर खाली तीन ओळी छापलेल्या आहेत. फोटो दुकानात लावू का? मोबाइलवर, स्टेटसला टाकू का? का कुठंच नको? त्यापुढं नवरीनं स्वतः सही करायची. बापाची नाही, भावाची नाही, होणाऱ्या नवऱ्याचीही नाही. नवऱ्या मुलाची त्याच्यासाठी वेगळी सही. आणि खाली एक ओळ : पुढं कधीही मन बदललं, तर एका फोनवर फोटो काढून टाकू. सुरुवातीला वाटलं, सगळ्या 'नको' म्हणतील आणि दाखवायला काहीच उरणार नाही. तसं झालं नाही. बऱ्याच जणी हो म्हणतात. पण विचारल्यावर चेहऱ्यावर जे येतं, ते आधी कधी पाहिलं नव्हतं. एकीनं तर मला सांगितलं, "लग्नाच्या सगळ्या गडबडीत हे एकच मला कुणीतरी विचारलं."

तुमच्याही घरात लेकीबाळींची लग्नं आहेत. फोटोग्राफर ठरवताना पैशाची घासाघीस करतो, तसं हेही विचारा. आमच्या मुलीचे फोटो तुम्ही कुठं कुठं टाकणार? ते लिहून घ्या.

तिसरी गोष्ट ऑर्डरच्या वहीची. आपला भाग ऊसतोडीला जाणारा. दिवाळीच्या आगेमागे कोयता जातो, उन्हाळ्यात परत येतो, आणि मग चैत्र-वैशाखात लग्नांची घाई उडते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, जोडीला उचल मिळते. मुलीला गावात एकटी कशी ठेवायची, ही काळजी असते. त्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. पण त्या घाईत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींची लग्नं होतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या लग्नात कुणीतरी फोटो काढत असतं, हेही माहीत आहे. खरं सांगायचं तर पूर्वी आम्ही वय विचारत नव्हतो. आपल्याला काय करायचंय, म्हणत होतो.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण पाहिजे. असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवीन दरपत्रक छापायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, सगळ्यात वर लिहू या : वयाचा दाखला पाहिल्याशिवाय ऑर्डर घेतली जाणार नाही. तात्या म्हणाले, "धंदा करायचाय का समाजसेवा?" ह्यांनीही दोन दिवस विचार केला. मग छापलं.

छापल्यावर पंधरा दिवसांतच वेळ आली. एका वस्तीवरची ऑर्डर. शाळेचा दाखला मागितला, तर मुलीला सोळाही पूर्ण नव्हती. ऑर्डर घेतली नाही. पण नुसतं नाही म्हणून मला झोप येईना. आम्ही नाही तर दुसरा कुणी गेला असता. दुसऱ्या दिवशी १०९८ वर फोन केला. हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. गावात ग्रामसेवकांकडंही सांगता येतं, बालविवाह थांबवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. ते लग्न थांबलं. पण गावात गोष्टी लपत नाहीत, कुणी फोन केला ते लोकांनी ताडलं. त्या अख्ख्या हंगामात त्या वस्तीवरून आम्हाला एकही काम आलं नाही. दोन वाढदिवसांची ठरलेली कामंही गेली. यंदा एक लग्नाचं आलं. इतकंच. यात फायदाच फायदा झाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण दरपत्रकावरची ती ओळ आम्ही खोडली नाही. आता तर तात्याच गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "दाखला आणला का?"

आता पाटीबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगते. पाटी, कार्ड, पावती, पिशवी, मोबाइलवरचं खातं, सगळीकडं नाव एकच आणि एकाच तऱ्हेनं लिहा. एकीकडं 'फोटो', दुसरीकडं 'स्टुडिओ', तिसरीकडं 'फिल्म्स' असं नको. अक्षर असं असावं की रस्त्याच्या पलीकडून आजीला वाचता आलं पाहिजे. फोन नंबर बदलू नका, लोकांच्या मोबाइलमधे तोच असतो. आणि जुनं नाव एकदम पुसू नका. आम्ही नव्या नावाखाली लहान अक्षरांत जुनं नाव ठेवलंय, दोन वर्षं तरी ठेवणार.

नाव ठरवायच्या आधी तेच नाव दुसऱ्या कुणी नोंदवलं आहे का, ते ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर फुकट पाहता येतं. नाव नोंदवायचं असेल, तर एकट्या माणसाला किंवा लहान धंद्याला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. लगेच केलीच पाहिजे असं नाही. पण तुमचा मसाला चार तालुक्यांत जायला लागला, की गटात विचार करा. उद्यम नोंदणी मात्र आजच करा. सरकारी वेबसाइटवर तिला एक पैसाही लागत नाही. कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाटीवर तुमचं नाव लागलं म्हणजे संपलं असं समजू नका. दुकानातला पैसे घ्यायचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? उद्यमचा कागद कुणाच्या नावावर आहे? आमच्याकडं पाटी बदलल्यावर आठवडाभरानं माझ्या ध्यानात आलं की नाव माझं आणि खातं ह्यांचं. मग बँकेत जाऊन दोघांच्या नावाचं खातं उघडलं. कर्जाला बँकेत जाल, तेव्हा साहेब पाटी बघायला येत नाही, कागद बघतो.

पुढच्या बैठकीच्या आधी प्रत्येकीनं एक करा. आपल्या दहा गिऱ्हाइकांना तेच तीन प्रश्न विचारा. आमच्याकडं का येता? काय आवडत नाही? दुसऱ्याला आमचा पत्ता काय म्हणून सांगता? वहीत लिहून आणा, एकमेकींना वाचून दाखवा. कडू उत्तर आलं तर खोडू नका, तिथूनच काम सुरू होतं.

पाटी लावली त्या दिवशी तात्या रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ते परत आले आणि म्हणाले, "सूनबाई, तुझ्या नावाचा काना थोडा वाकडा आलाय. पेंटरला सांग." पेंटरनं तो दुसऱ्या दिवशी नीट करून दिला.

नमस्कार.